फतेहगंजचे सेंट जेम्स चर्च : दोनशे वर्षांचा इतिहास कोठून सुरू करावा?

विश्वामित्रीकाठ

सर्वांस नमस्कार. बडोद्याच्या फतेहगंज भागातील सेंट जेम्स चर्चचा अर्पणविधी कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर यांच्या हस्ते मार्च १८२५ मध्ये झाला. या घटनेला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने आमच्या मंडळीतील काही जणांनी इतिहासाची एक पुस्तिका काढायचे ठरवले आहे आणि मराठी मसुद्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अडचण अशी की, हाती आलेल्या जुन्या टिपणांच्या आधारे लिहू लागलो तेव्हा मसुद्याचा तीन चतुर्थांश भाग बिशप, रेसिडेंट, पलटणी आणि इंग्रज पाद्री यांनीच व्यापला. १९४७ नंतरचा काळ, म्हणजे ज्या काळात माझे आजी-आजोबा, आई-वडील आणि आम्ही भावंडे त्या बाकांवर बसलो तो काळ, 'त्यानंतर मंडळीची उत्तरोत्तर वाढ झाली' एवढ्या एका वाक्यात संपतो. आमचे आजोबा नगरहून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. घरात आजही नारायण वामन टिळकांची भजने पेटीवर म्हटली जातात, परंतु या चर्चच्या इतिहासात आम्ही नेमके कोठे बसतो हे मला सांगता येत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला, अशा चर्चचा इतिहास इमारतीपासून सुरू करावा की माणसांपासून? दुसरा, माणसांपासून करायचा झाल्यास साधने कोणती?

रावपुरेकर

विषय उत्तम आहे. मी ख्रिस्ती नाही, परंतु शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे दोन शब्द लिहितो.

आपण इमारतीपासूनही सुरू करू नये आणि बिशपांपासूनही करू नये. मराठ्यांच्या राजधानीत इंग्रजी चर्च मुळात आलेच का, हा पहिला प्रश्न आहे. गोविंदराव गायकवाड वारल्यानंतर आनंदरावांच्या काळात गादीचा तंटा आणि अरब शिबंदीचा थकलेला पगार यांमुळे दरबार कंपनीच्या दाराशी गेला. १८०२ मध्ये मेजर अलेक्झांडर वॉकर पहिले रेसिडेंट म्हणून आले आणि १८०५ च्या तहाने तैनाती फौज कायमची ठरली. तिच्या खर्चासाठी धोळका, नडियाद, मातर अशा परगण्यांचे उत्पन्न कंपनीकडे गेले. ती फौज शहराबाहेर विश्वामित्रीपलीकडे राहिली, तिला आपण अजूनही 'कॅम्प' म्हणतो, आणि तिच्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांना व तोफखान्याच्या शिपायांना रविवारी प्रार्थनेस जागा हवी म्हणून चर्च उभे राहिले. तेव्हा या चर्चचा पाया तहनाम्यात आहे, असे मी वर्गात सांगत असे.

हेही ध्यानात घ्यावे की हे चर्च धर्मप्रसारासाठी बांधलेले नव्हते. त्याचा पाद्री कंपनीचा पगारी नोकर होता, त्याचे काम पलटणीपुरते होते, आणि देशी लोकांत प्रचार करणारे मिशनरी हा सर्वस्वी निराळा वर्ग होता. आपल्याकडे या दोहोंची सरमिसळ फार होते.

मांडवीचा_मुक्काम

रावपुरेकर सर, शहरात राहून कॅम्पाबद्दल इतके प्रेमाने लिहिणारे आपण पहिलेच. आमच्या घरी कॅम्पात जायचे म्हणजे परगावी निघाल्याप्रमाणे आजी डबा बांधून देत असे.

निवृत्त_ग्रंथपाल

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण साधनांचा प्रश्न आधी सुटला तर पहिला आपोआप सुटेल.

सर्वांत मोठे साधन म्हणजे नोंदवह्या : बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. कंपनीच्या काळापासून प्रत्येक चर्चचा पाद्री या नोंदींच्या नकला ठराविक मुदतीने मुंबईस पाठवी आणि तेथून त्या लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगालच्या नोंदी एन/१, मद्रासच्या एन/२ आणि मुंबई इलाख्याच्या एन/३ या मालिकेत लावलेल्या आहेत. बडोद्याच्या छावणीच्या नोंदी एन/३ मध्ये शोधाव्यात. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जुन्या 'एक्लेझिअ‍ॅस्टिकल' म्हणजे चर्चविषयक खात्याचे खंड आहेत. पाद्र्यांच्या नेमणुका, दुरुस्तीचे खर्च, घंटा, बाके, आवाराची भिंत यांवरचा पत्रव्यवहार अशाच खंडांत सापडतो.

या नोंदी वाचताना केवळ नावे उतरवू नयेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा हुद्दा किंवा धंदा असतो. दफनाच्या नोंदीत वय असते आणि पुष्कळदा मृत्यूचे कारणही असते. छावणीच्या कोणत्याही चर्चची एकोणिसाव्या शतकातील दफनवही उघडा. पहिल्या काही पानांतच दोन-दोन, तीन-तीन वर्षांची मुले, विशीतले शिपाई, बाळंतपणात गेलेल्या बायका आणि पटकी व ताप हे शब्द पुन्हा पुन्हा दिसतील. बिशपांच्या भाषणापेक्षा ही पाने छावणीच्या जीवनाबद्दल अधिक सांगतात.

आणि एक सावधगिरी. लंडनला गेलेल्या नकला स्वातंत्र्याच्या सुमारास थांबतात. त्यानंतरच्या नोंदींची दुसरी प्रत कोठेही असेल असे गृहीत धरू नका. आपल्या चर्चच्या कपाटातील वह्या हीच एकमेव प्रत समजा.

चरोतरी

मी जन्माने गुजराती, मेथडिस्ट, आणि लग्नामुळे मराठी घरात आलेली. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलण्याचा हक्क मला आहे असे समजते.

विश्वामित्रीकाठ भाऊ, आपली खंत समजते, परंतु माझा एक स्पष्ट आक्षेप आहे. बडोद्यातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग गुजराती बोलणारा आहे, आणि त्याची मुळे आणंद, बोरसद, नडियादकडच्या खेड्यांत आहेत. टिळकांची भजने सुंदरच आहेत, पण तुमच्याच मंडळीत बसणारी कितीतरी कुटुंबे गुजराती भजने गात वाढली. मराठी पुस्तिकेत इंग्रजांच्या जागी मराठी कुटुंबे बसवली आणि गुजराती कुटुंबे 'इतर' झाली, तर एका अन्यायाच्या जागी दुसरा होईल.

विश्वामित्रीकाठ

चरोतरी ताई, आक्षेप मान्य आहे आणि म्हणूनच धागा काढला. मात्र पुस्तिका गुजरातीतही निघणार आहे. मराठी मसुदा माझ्याकडे आला तो मी मराठीत लिहितो म्हणून, हे नोंदवून ठेवतो.

ग्रंथपालताई, वह्या पाहिल्या. काहींची पाने कसरीने खाल्ली आहेत, आणि एका वहीला कोणीतरी सद्हेतूने चिकटपट्टी लावली आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

चिकटपट्टी ओढून काढू नका. तिचा गोंद कागदात उतरलेला असतो आणि पट्टीबरोबर शाईही निघून येते. प्लास्टिकचे लॅमिनेशन तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. आधी प्रत्येक पानाचे नैसर्गिक उजेडात सरळ वरून छायाचित्र घ्या, पानाचा क्रमांक छायाचित्रात दिसू द्या, आणि कोरी पानेही सोडू नका. वह्या आम्लरहित कागदात गुंडाळून भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा. विश्वामित्रीच्या पुराचा अनुभव असलेल्या शहराला हे सांगण्याची खरे तर गरज नसावी.

मी काम केलेल्या एका गावी (नाव लिहीत नाही) चर्चच्या नूतनीकरणात जुन्या वह्या रद्दीत गेल्या आणि पुढे दोन वृद्ध बहिणींना वारसाचा दाखला मिळवताना आई-वडिलांचा विवाह सिद्ध करता आला नाही. या वह्यांकडे केवळ इतिहासाची साधने म्हणून पाहू नये. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागलेल्या लग्नांचा तो कायदेशीर पुरावा आहे.

मोडीवाचक

रावपुरेकरांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. चर्चची कथा इंग्रजी कागदांतूनच सांगितली जाते, कारण तेच कागद वाचणारे भेटतात. गायकवाडांच्या दप्तरात मोडीचा प्रचंड साठा आहे. छावणीला लागणारी बैलगाडी, गवत, लाकूडफाटा, मजूर, पाहुण्यांची सरबराई यांचा हिशेब मोडीत होई. बिशप हेबर दुसऱ्या सयाजीरावांच्या दरबारात गेले होते, आणि दरबारी भेटीत पानसुपारी, पोशाख, हत्ती-घोडे या सर्वांचा खर्च पडतो. तो खर्च कोणत्या तरी बारनिशीत (दप्तरी नोंदवहीत) पडलेला असणार. शोधायला हवा.

हेबर यांच्याबद्दल एक सांगतो. १८२४ च्या जूनमध्ये ते कलकत्त्याहून होडीने निघाले. ढाका, काशी, लखनौ, अलमोडा, दिल्ली, जयपूर, नीमच असे फिरत ते गुजरातेत उतरले. बडोद्याहून पुढे खेडा शहराकडे जाताना नडियादला त्यांची स्वामिनारायण संप्रदायाचे सहजानंद स्वामी यांच्याशी भेट झाली. दोघेही आपापला सशस्त्र लवाजमा घेऊन आले होते, याचे हेबर यांना स्वतःलाच अवघडल्यासारखे वाटले. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १८२६ रोजी, त्रिचनापल्लीस ते वारले. वय अवघे ४२.

मांडवीचा_मुक्काम

म्हणजे बडोद्यातले पहिले चर्च अर्पण करणारे बिशप इथे काही दिवसांचेच पाहुणे होते. पुस्तिकेत त्यांना तेवढीच पाने द्यावीत, असा माझा नम्र प्रस्ताव.

रावपुरेकर

प्रस्ताव विनोदी असला तरी अर्धाच मान्य करता येईल. हेबर यांचे महत्त्व त्यांच्या मुक्कामाच्या लांबीत नाही. अँग्लिकन पद्धतीत बिशपाने अर्पण केल्याशिवाय इमारत कायद्याच्या दृष्टीने चर्च होत नाही. अर्ज वाचला जातो, लेख वाचला जातो, बिशप सही करतो आणि ती जागा इतर उपयोगातून कायमची बाजूला निघते. मुंबईला स्वतंत्र बिशप १८३७ मध्ये आला. त्यापूर्वी १८१३ च्या सनदेने निर्माण झालेल्या कलकत्त्याच्या एका बिशपाकडेच सबंध हिंदुस्थान होता. असा माणूस बडोद्यास आला हा योग होता, आणि तो आला नसता तर कॅम्पातील लोकांना आणखी किती वाट पाहावी लागली असती कोण जाणे.

आजवा_रोड

याच निमित्ताने कोणी पेद्रोबद्दल लिहील का? १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला, त्या खटल्याच्या कागदांत रेसिडेन्सीचा बटलर पेद्रो डिसोझा याचे नाव सतत येते. बडोद्याच्या इतिहासात नावानिशी येणारा तो बहुधा सर्वांत प्रसिद्ध देशी ख्रिस्ती. चौकशी मंडळात सर रिचर्ड कौच, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव होते. गोरे सभासद दोषी म्हणाले, देशी सभासदांना दोष सिद्ध झाला असे वाटले नाही, आणि शेवटी गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना काढले.

चरोतरी

पेद्रो गोव्याकडचा, म्हणजे कॅथलिक असणार. त्याला सेंट जेम्सच्या पुस्तिकेत आणू नका, नाहीतर रोझरी कॅथेड्रलची मंडळी आपला माणूस परत मागतील. पण मुद्दा चांगला आहे. छावणीत केवळ गोरे नव्हते. बटलर, आया, बाजेवाले, कारकून, रेल्वेचे गार्ड असे कितीतरी देशी आणि मिश्र वंशाचे ख्रिस्ती होते, आणि मागच्या बाकांवर बसत ते हेच.

सुरसागर७०

एक अप्रिय प्रश्न विचारतो, राग मानू नये. खेडा जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज दुष्काळात मिशनऱ्यांनी दिलेल्या धान्यामुळे वाढला, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पुस्तिकेत हे लिहिणार का?

चरोतरी

राग नाही. लिहिलेच पाहिजे, पण पूर्ण लिहिले पाहिजे.

संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, त्या दुष्काळाला आमच्याकडे अजूनही 'छप्पनियो' म्हणतात. माणसे आणि गुरे रस्त्यावर मेली. मिशनांनी अनाथाश्रम काढले, आणि त्यांतून वाढलेली मुले ख्रिस्ती झाली हे खरे आहे. परंतु आयरिश प्रेस्बिटेरियन मिशन गुजरातेत १८४१ पासून होते, लंडन मिशनचे लोक त्याही आधी सुरतेत होते आणि १८४० च्या दशकात बडोद्यातही राहून गेले. त्यांच्यापैकी जोसेफ व्हान सोमेरन टेलर यांचे गुजराती व्याकरण प्रसिद्ध आहे. म्हणजे छप्पनियोच्या आधी दोन पिढ्या गावोगावी मंडळ्या होत्या. ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते त्यांनी शाळा आणि नाव लिहायला शिकणे यासाठी हा रस्ता धरला. माझ्या पणजोबांनी धान्य घेतले होते की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्यांच्या मुलीने शिक्षिका म्हणून नोकरी केली हे पक्के ठाऊक आहे.

सुरसागर७०

उत्तराबद्दल आभार. शाळेची बाजू मला कोणी सांगितली नव्हती.

नगरकरीण

धागाकर्त्याच्या आजोबांबद्दल एक गोष्ट सुचते. नगरहून आलेले कुटुंब असेल तर ते बहुधा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. त्या मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केले आणि त्यांची पद्धत काँग्रिगेशनल होती. म्हणजे बिशप नाही, मंडळीच सर्वाधिकारी, उपासनेत कीर्तन आणि भजन. असा मनुष्य बडोद्यास येऊन अँग्लिकन चर्चमध्ये प्रार्थनापुस्तक हाती घेऊन गुडघे टेकतो, हा बदल लहान नव्हे. आपल्या आजोबांनी तो कसा केला, हे घरात कोणास ठाऊक आहे का? मला हे प्रकरण वाचायला आवडेल.

विश्वामित्रीकाठ

नगरकरीण ताई, आत्याकडे चौकशी केली. आजोबा सुरुवातीला सेंट जेम्सला नियमित जात नसत. रेल्वेच्या चाळीत चार मराठी कुटुंबे मिळून रविवारी सायंकाळी घरीच उपासना करीत आणि नाताळला मात्र कॅम्पात जात. आजोबांना पाद्र्याचा झगा आणि उभे राहा-बसा-गुडघे टेका हा क्रम शेवटपर्यंत मानवला नाही. आत्या म्हणाल्या, "तुझे आजोबा उपासनेहून घरी आले की म्हणत, आज पुष्कळ कवायत झाली."

मांडवीचा_मुक्काम

पलटणीचे चर्च ते, कवायत सुटणार कशी?

निवृत्त_ग्रंथपाल

आत्याबाईंचे बोलणे लगेच ध्वनिमुद्रित करून घ्यावे, आणि चार कुटुंबांची नावे, चाळीची जागा व साधारण साल विचारून ठेवावे.

रावपुरेकर

नगरकरीण यांच्या प्रतिसादामुळे १९७० चे महत्त्व माझ्या ध्यानात आले, ते येथे मांडतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचे १९२४ पासूनचे संयुक्त चर्च होते, आणि दक्षिण गुजरातेत काम करणारे ब्रदरेनही होते. त्यामुळे इंग्रज छावणीची इमारत, आयरिश मिशनच्या गावांतून आलेली गुजराती कुटुंबे आणि अमेरिकन मिशनची नगरी कुटुंबे कागदोपत्री एका छताखाली आली. आजोबांची घरातली उपासना आणि कॅम्पातली कवायत एकाच मंडळीची झाली. मला वाटते, पुस्तिकेचा मध्यबिंदू १८२५ नव्हे, १९७० आहे.

चरोतरी

आणि आम्ही मेथडिस्ट त्या एकीकरणातून अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिलो, हेही लिहा. त्यामुळे फतेहगंजात दोन निराळ्या मंडळ्या राहिल्या, पण लग्ने दोन्हीकडे होतात, नाताळच्या फराळाची ताटे दोन्हीकडे फिरतात, आणि गायनपथकाला तारस्वराचा आवाज कमी पडला की माणसे उसनी नेली जातात.

सरांच्या पहिल्या प्रतिसादातील एका गोष्टीकडे कोणी लक्ष दिले नाही. फौजेच्या खर्चासाठी गायकवाडांनी जे परगणे दिले त्यांत नडियाद आणि मातर होते. माझे माहेर त्याच मुलखात. म्हणजे ज्यांच्या शेतसाऱ्यावर ती पलटण पोसली गेली, त्यांचीच पणतवंडे आता तिच्या चर्चची पंचायत चालवतात आणि छपराच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढतात. पुस्तिका येथून सुरू करा.

मोडीवाचक

यापेक्षा चांगली सुरुवात सुचणे कठीण आहे. त्या परगण्यांच्या सोडचिठ्ठ्यांचे मोडी कागद वाचायचे असतील तर मी विनामूल्य वाचून देईन.

विश्वामित्रीकाठ

सर्वांच्या प्रतिसादांवरून आराखडा बदलला आहे. पहिले प्रकरण तह, परगणे आणि छावणी यांचे. हेबर यांचा विधी त्याच प्रकरणात दोन पानांत येईल. दुसरे प्रकरण नोंदवह्यांवर, त्यात हुद्देदारांऐवजी शिपाई, बायका, मुले आणि देशी नोकर यांच्या नोंदी. तिसरे गावांकडून आणि नगरकडून आलेल्या कुटुंबांचे, आणि चौथे १९७० व नंतरचे, जे सर्वांत मोठे असेल.

एक प्रश्न मात्र पंचांच्या बैठकीत सुटला नाही. बाप्तिस्म्याच्या वह्यांतील नावे छापावीत का? काही वडीलधाऱ्यांना आपल्या घराण्याचे नाव पुस्तिकेत हवे आहे. काहींना मात्र आजोबांची मूळ जात त्या नोंदीत लिहिलेली असल्यामुळे ती उघड व्हायला नको आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

दोन्ही बाजू रास्त आहेत. ज्या घराण्याने लेखी संमती दिली त्याचेच नाव छापावे, जातीचा रकाना कोणाचाच छापू नये, आणि १९४७ नंतरच्या नोंदींतून केवळ वर्षवार संख्या द्यावी.

सुरसागर७०

जातीचा रकाना गाळला तर तिसऱ्या प्रकरणात चरोतरी ताईंनी सांगितलेली विहिरीची गोष्ट कशी लिहिणार? लोक शाळेकडे का वळले, हे त्या रकान्यावाचून कळणार नाही.

चरोतरी

प्रश्न बरोबर आहे. व्यक्तीच्या नावापुढे जात नको, पण समाजाच्या कथेत ती हवी. माझ्या पणजोबांची गोष्ट नाव, गाव आणि जातीसह छापायला माझी संमती आहे. तसे लेखी देईन. इतर कुटुंबांचे त्यांनी ठरवावे. विश्वामित्रीकाठ भाऊ, तिसऱ्या प्रकरणाचा गुजराती मसुदा मी करते. त्यासाठी १९५० ते १९७० मधील पंचांच्या सभांची इतिवृत्ते गुजरातीत असतील तर तेवढी छायाचित्रे आधी पाठवा.